आईचा चढता आलेख

माझ्या आईचा मंडईत गाळा होता. मिरची, आलं, लसूण, लिंबं आणि मोसमाप्रमाणे एक-दोन पालेभाज्या. आलं-लसूण कुणी किलोकिलोनं नेत नाही, म्हणून तिच्याकडे पितळेची लहान लहान मापं होती. ती वेळच्या वेळी सरकारी माणसाकडून तपासून, शिक्का मारून घ्यायची. तिच्या काट्याबद्दल चाळीस वर्षांत कुणी चकार शब्द काढला नाही. गिऱ्हाइकानं मेथीची जुडी फार उलटसुलट केली तर मात्र ती म्हणायची, "जुडी हाय, जावई न्हाई. आवडली तर घ्या."

दुसऱ्याला ग्रॅमभर कमी न देणारी ही बाई स्वतःच्या तब्येतीबद्दल धडधडीत खोटं बोलायची. ताप आला तरी "बरी हाय", पाय मुरगळला तरी "बरी हाय." वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर घरात दुखणं सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून तिनं ते खातंच बंद करून टाकलं असावं. मला तिचा राग यायचा. अजूनही येतो.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. पुण्यात नवे नवे काचेचे मनोरे उभे राहत होते, आणि पहाटे कंपनीची बस पकडून संध्याकाळी अंधार पडताना घरी यायचं, याचं आम्हाला भारी कौतुक होतं. लग्न होऊन मी कर्वेनगरात फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. आईकडे जायचे ते रविवारी. ती मला वाढायची, माझ्या नवऱ्याला वाढायची आणि स्वतः मागाहून एकटी जेवायची. मागाहून जेवणाऱ्या बाईच्या पानात काय आहे, हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

एका रविवारी मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले, तर ती दुधात भिजवून लगदा केलेली भाकरी खात होती. एक घास तोंडात घातला, गिळला, आणि मग छातीवर मूठ दाबून डोळे मिटून उभी राहिली. मोरीपाशी जाऊन तिनं तो घास टाकून दिला. मला बघून म्हणाली, "दाढ दुखतीया." दाढ दुखणारा माणूस छाती कशाला धरेल? मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. दुर्बीण घालून तपासलं, तुकडा तपासायला पाठवला. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. ती पाच महिने पातळ पदार्थांवर होती, हे तिनं डॉक्टरांना सांगितलं. मला नाही.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आधी केमो आणि किरणं, मग सहा आठवडे मध्ये सोडून ऑपरेशन. घशाखाली काही उतरत नव्हतं म्हणून पोटाच्या डाव्या बाजूनं आतड्यात एक बारीक नळी बसवली आणि त्यातून दूध, अंड्याचा बलक, डाळीचं पाणी, डबाबंद पावडरी असं सगळं थेंबथेंब सोडायचं. आईनं ती नळी बघून एवढंच विचारलं, "म्हंजे चव घ्यायची कटकटच मिटली म्हणा की."

आमचे सर्जन अस्सल पुण्याचे होते. मोजकं बोलायचे, आणि त्यातलं निम्मं लागेल असं. किरणं संपली त्या दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं, "गाठ काढायचं काम माझं. काढल्यावर जगायचं काम यांच्या स्नायूंचं. छाती आणि पोट दोन्ही उघडावं लागणार. नंतर जखम भरायला अंगात मांस लागतं, श्वास ओढायला लागतं, साधं खोकून कफ बाहेर टाकायलाही लागतं. ते नसेल तर न्यूमोनिया होतो, आतला जोड गळतो. अशी माणसं ऑपरेशननं नाही जात, ऑपरेशननंतरच्या आठवड्यात जातात. सहा आठवडे आहेत. तब्येत कमवा."

मी इंजिनिअर. मला 'तब्येत' ऐकू आलं आणि डोक्यात 'वजन' उमटलं. वजन मोजता येतं, आकड्यात मांडता येतं. अमेरिकेहून परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून मी शंभर ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा मागवला, आईला कर्वेनगरला आणलं, आणि रोज सकाळी साडेसहाला तिला त्या काट्यावर उभं करायला लागले. आकडा संगणकात भरायचा आणि त्याचा आलेख काढायचा. ऑफिसात प्रोजेक्टची प्रगती दाखवतो तसा.

शिवाय मी तिला पूर्ण विश्रांती दिली. दिवसभराला बाई ठेवली. आई उठून कपबशी विसळायला गेली की बाईनं तिच्या हातून ती काढून घ्यायची, असा माझा हुकूम होता. मऊ गादी, दोन उशा, टीव्ही. चाळीस वर्षं गाळ्यावर पोती ओढणाऱ्या बाईला मी सोफ्याच्या कोपऱ्यात मांडून ठेवलं आणि वर तिला सांगितलं, "आता तू फक्त आराम कर." भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, लेक असावी तर अशी. मला ते खरं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात आकडा घसरला. दोनशे ग्रॅम, मग आणखी तीनशे. मी बाईवर ओरडले, पावडरीचा डबा बदलला, नवऱ्याशी भांडले. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र चमत्कार झाला. आकडा चढायला लागला. एक दिवसाआड शंभर ग्रॅम. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. तिचे गाल बसलेले दिसत होते, दंड काठीसारखे झाले होते, पण काटा चढतोय म्हटल्यावर मी डोळ्यांवर कशाला विश्वास ठेवू? पाचव्या आठवड्याच्या तपासणीला मी तो आलेख रंगीत छापून नेला.

सर्जननी तो हातात धरला. चष्मा वर केला, खाली केला. "हे कुणी काढलं?"

"मी. रोज सकाळी, अनशापोटी."

"छान आहे. माणसाचं वजन असं वाढत नाही, पण छान आहे." त्यांनी आईकडे पाहिलं. "माणूस एक दिवस वाढतो, दोन दिवस उतरतो. या तर पायरी-पायरीनं चढल्येत. मावशी, इकडे या. या खुर्चीत बसा. हात छातीशी घ्या आणि हाताचा आधार न घेता उठा बघू."

आई बसली. हात छातीशी घेतले. पुढे वाकली, जोर केला, पुन्हा केला. तिचे पाय थरथरताना लुगड्यातून दिसत होते. ती उठू शकली नाही. माझी आई खुर्चीतून उठू शकली नाही. तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा तिच्या कमरेची कनवट सुटली आणि ठण्ण करून काहीतरी फरशीवर पडलं. त्यामागून आणखी एक, आणखी एक. त्यातलं एक घरंगळत डॉक्टरांच्या बुटाला जाऊन लागलं.

ती तिची पितळेची मापं होती.

डॉक्टरांनी वाकून बुटापाशी आलेलं माप उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "शिक्का खरा आहे."

मग एकेक बाहेर आलं. मापं तिनं गाळ्यावर चोरीला जातील म्हणून सोबत पिशवीत आणली होती. रोज सकाळी मी उठायच्या आधी ती स्वतः काट्यावर उभी राहायची, खरं वजन बघायची, कालच्या माझ्या आकड्याहून किती कमी पडतंय ते मनात धरायची, आणि तेवढी मापं उजव्या कमरेला खोचायची. डावीकडे नळी होती. एकदम जास्त घातली तर संशय येईल म्हणून हळूहळू चढवायची. त्या दिवशी तिच्या कमरेला अडीच किलोंच्या वर पितळ होतं. वजनाचा हिशोब तिला कुणी शिकवायला नकोच होता.

डॉक्टरांनी तिच्या मांड्या, पोटऱ्या चाचपल्या, हाताचा पंजा दाबायला लावला. मग माझ्याकडे वळले. "दिवसभर काय करतात?"

"आराम," मी म्हणाले.

"तरीच. नळीतून तुम्ही खायला घालताय आणि गादीवर पडल्या पडल्या पाय संपताहेत. वापरलं नाही तर ते टिकत नाही, कितीही ओता. ऑपरेशन तीन आठवडे पुढे."

मी घाबरून विचारलं, "पण तेवढ्यात गाठ वाढली तर?"

"तीन आठवड्यांत ती फार लांब पळणार नाही. या पायांवर मी आज ऑपरेशन केलं तर या टेबलवरून उठतील, आयसीयूतून उठणार नाहीत. निवडा."

परत येताना रिक्षात मी धुमसत होते. लकडी पुलावर एकदम फुटले. "कशासाठी केलंस हे? कुणाला फसवत होतीस? मरायचं होतं का तुला?"

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "आकडा कमी आला की तू हापिसात जाईस्तोवर तोंड पाडून फिरायचीस. चहा बी घ्यायची न्हाईस. वाढला की हसायचीस. म्हनलं, हसू दे पोरीला."

रिक्षावाला आरशातून बघत असताना मी भर कर्वे रस्त्यावर हुंदके देऊन रडले. लाज वाटली, सगळी स्वतःची वाटली. मी रोज सकाळी तिचं वजन करत होते आणि ती रोज सकाळी माझा चेहरा बघत होती.

घरी आल्यावर मी वजनकाटा माळ्यावर टाकला. आईला म्हणाले, "यापुढं मला खरं सांगायचं. जे होतंय ते, जसं होतंय तसं." ती म्हणाली, "मग तू तोंड पाडायचं न्हाई. रडायचं न्हाई. कबूल?" मी कबूल केलं. व्यवहार तिनं नेहमीसारखा चोख करून घेतला.

आता प्रश्न व्यायामाचा होता. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची. खुर्चीतून उठणं-बसणं दहादा, दिवसातून तीन वेळा. आईनं पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "कारण नसताना उठायचं-बसायचं? ही तर शाळेतली शिक्षा." दोनदा करायची आणि टीव्हीकडे तोंड वळवायची. जिना उतरायला सांगितला तर म्हणायची, खाली माझं काय काम?

तेव्हा नवऱ्याला युक्ती सुचली. त्याचं श्रेय मी त्याला क्वचितच देते, म्हणून इथे देते. तिला काम हवंय ना, तर काम देऊ. आईच्या शेजारच्या गाळ्यावरची मावशी रोज सकाळी टेम्पोवाल्याबरोबर थोडी मेथी, कोथिंबीर, मिरची पाठवायला लागली, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी तासभर आईचं दुकान सुरू झालं. तिच्यासाठी एक लाकडी खुर्ची. माल मुद्दाम चार पावलं लांब टेबलावर. गिऱ्हाईक आलं की उठायचं, चालत जायचं, जुडी द्यायची, परत येऊन बसायचं. हे डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मोकळ्या हवेत असेल तर हरकत नाही. गर्दी नको. आणि मेथी मलाही पाठवा."

पहिल्या दिवशी ती खुर्चीचा हात धरून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन चार वेळा उठली आणि दमून गेली. दुसऱ्या आठवड्यात एका हाताच्या आधारानं वीस-बावीस वेळा. आमच्या सोसायटीत सगळ्या माझ्यासारख्याच नोकरदार मुली. कंपनीची बस यायच्या आधी, गळ्यात ओळखपत्र अडकवून, मेथी कोवळी कशी ओळखायची ते आईला विचारायला यायच्या. ती त्यांना शिकवायची आणि त्यांच्या अज्ञानावर मनसोक्त टोमणे मारायची. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा नियम दाखवायला खाली आले. "आपण इथे धंदा करताय हे नियमात बसत नाही," म्हणाले. आई खुर्चीतून उठली, चालत गेली, कोथिंबिरीची जुडी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मी बी बसत न्हाई, साहेब. उठायचंच औषध दिलंय मला." ते जुडी घेऊन वर गेले. पुन्हा आले नाहीत, त्यांची बायको मात्र रोज यायची.

आणि रोज संध्याकाळी ती मला खरं सांगायची. सुरुवातीला जड गेलं तिला. "आज पोटऱ्या लई दुखल्या." "आज नळीपाशी चुणचुणतंय." "आज भ्या वाटलं." मी चेहरा दगडासारखा ठेवून ऐकायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची.

तीन आठवड्यांनी ती डॉक्टरांकडच्या त्याच खुर्चीतून हात छातीशी घेऊन पाच वेळा उठली. डॉक्टर म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ निघाली. जठर वर ओढून गळ्यापाशी जोडलं. पहिले चार दिवस छान गेले. तिला खुर्चीत बसवलं, दोन पावलं चालवलं, खोकायला लावलं. छातीला उशी धरून ती खोकायची तेव्हा माझ्याच बरगड्या दुखायच्या. आवाज बसला होता, पण तो येईल म्हणाले.

पाचव्या दिवशी दुपारी मी भेटीच्या वेळेला गेले. तरुण डॉक्टर नुकताच पाहून गेला होता. ताप नव्हता, कागदावर सगळं ठीक होतं. सिस्टर म्हणाल्या, "आज आजी एकदम मस्त आहेत." मी आईला विचारलं, "कशी आहेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. जन्मभर सरावाचे झालेले ते दोन शब्द ओठांवर आलेले मला दिसले. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि फुसफुसत्या आवाजात म्हणाली, "बरी न्हाई. छातीत कायतरी चुकलंय. सकाळपासनं. श्वास पुरत न्हाई."

मी तोंड पाडलं नाही. रडले नाही. "बरं, सांगते," म्हणाले, दारापर्यंत चालत गेले आणि तिथून पुढे अशी पळाले की चप्पल मागे राहिली. सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशननंतर तसं वाटतंच. मी म्हणाले, "तिला तसं कधीच वाटत नाही. बोलवा डॉक्टरांना." एक्स-रे झाला, स्कॅन झालं. आतला जोड किंचित गळत होता, छातीत पाणी जमायला लागलं होतं. ताप चढायच्या आधीच सापडलं. त्याच संध्याकाळी छातीत नळी घालून ते पाणी काढलं, जोरकस औषधं सुरू केली, तोंडावाटे सगळं बंद.

पुढचे अठरा दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण मला ते नीट आठवत नाहीत. आयसीयूच्या बाहेरचा निळा बाक आठवतो. तिचा श्वास जड झाला, मशीन लावावं लागेल अशी वेळ आली आणि टळली. ती खोकत राहिली. दर दोन तासांनी, उशी धरून, घामाघूम होऊन. एका सकाळी सर्जन बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. ते कधी बसत नसत. म्हणाले, "जोड भरला. दोन गोष्टींनी वाचल्या. वेळेवर बोलल्या, आणि खोकायला अंगात बळ होतं. आठ आठवड्यांपूर्वीच्या त्या असत्या तर आज आपण वेगळं बोलत असतो." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासमोर मोठ्यानं हसले. ते दचकून उठले आणि कामाला गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आई आहे. मंडईच्या गाळ्यावर सकाळचे चार तास बसते, बाकीचं शेजारची मावशी बघते. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते. आवाज थोडा घोगराच राहिला, त्याचा गिऱ्हाइकांवर अधिकच वचक बसतो. आणि ती तक्रार करते. रोज अकराच्या सुमारास फोन करून, मी मीटिंगमध्ये असले तरी, सगळं सांगते. आडवं झालं की आंबट वर येतं. डावा गुडघा बोलतो. दही पचलं नाही. मी हेडफोन लावून, स्वतःचा आवाज बंद करून ते सगळं ऐकते, आणि मला बरं वाटतं. दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याबद्दल मी इतक्या समाधानानं ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी एकदा तिचा फोन आला. मी विचारलं, "काय काय दुखतंय आज?" ती म्हणाली, "काय न्हाई. बरी हाय मी."

समोरच्या पडद्यावर परदेशातली सहा माणसं बोलत होती. त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. गाडी काढली. हिंजवडीच्या चौकात तासभर अडकले, हॉर्न वाजवून दहा जणांच्या शिव्या खाल्ल्या, गाडी कुठेतरी लावली आणि मंडईत धावत शिरले. आई गाळ्यावर ताठ बसून लसूण सोलत होती. वाटीत पेरूच्या फोडी होत्या, सालं काढलेल्या, निम्म्या खाऊन झालेल्या.

"काय झालं?" मी ओरडलेच.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय व्हायचंय? आज खरंच कुठं काय दुखत न्हाई. असतो की एखादा दिवस."

मी तिथंच पोत्यावर बसले आणि भर बाजारात रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. दोन गिऱ्हाइकं केली, मग माझ्या मांडीवर मेथीची जुडी टाकून म्हणाली, "आलीच हाईस तर येवढी निवडून दे."